यादीतलं सदतिसावं नाव

बाळकुम, ठाणे
८ एप्रिल २०२०

कलावतीमावशी, नमस्कार.

ही साडी फॉल-पिकोसाठी आहे, असं दौलत दारात सांगेल. तुम्ही तशीच घ्या. आतल्या घडीत तीन महिन्यांच्या गोळ्या आहेत. डब्यांवरची लेबलं मी काढली आहेत.

तुमची केंद्रात यायची तारीख दोन एप्रिल होती. नऊ वर्षांत तुमची तारीख कधी चुकली नव्हती, म्हणून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुमच्या मुलाने, सुदेशने, उचलला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "कोण बोलतंय ते सांगा ना आधी." मला पटकन सुचेना. तुम्ही घरी फॉल-पिको करता एवढं आठवलं, म्हणून म्हटलं, "साडी द्यायची होती." तो म्हणाला, "लॉकडाऊनमध्ये?" आणि ठेवला. आता साडी पाठवणं भाग आहे.

दौलत विठ्ठलवाडीला राहतो. आपल्या केंद्रातून तोही गोळ्या घेतो आणि पेशंटना मदत करणाऱ्या एका संस्थेचं काम करतो. त्याच्याकडे स्कूटर आहे, पोलिसांचा पास आहे. विश्वासाचा माणूस आहे. आठ दिवसांनी साडी न्यायला येईल. काही कळवायचं असेल तर चिठ्ठी साडीत ठेवा. घरात सगळे असताना फोनवर तुम्हाला बोलता येणार नाही, हे मला कळतं.

तुमच्यासारख्यांना कोरोना जास्त त्रास देतो का, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. गोळी रोज घ्या. तुम्हाला शुगरही आहे, हे विसरू नका. आजाराचं नाव मी इथे लिहीत नाही. वाचून झालं की कागद फाडून टाका.

वैशाली शेजवळ
समुपदेशक


कोपर, डोंबिवली पश्चिम
१५ एप्रिल २०२०

मॅडमना कलावतीचा नमस्कार.

गोळ्या मिळाल्या. साडीला खरंच फॉल लावलाय. खोटं काम मला जमत नाही.

तुम्ही नाव लिहीत नाही, मी लिहून बघते. एचआयव्ही. लिहिलं, काही झालं नाही. आमच्या घरात हा शब्द कधी कुणाच्या तोंडून निघालेला नाही. हे गेले तेव्हा सगळ्यांना कावीळ सांगितलेली. ट्रकवर असायचे, बाहेरचं खाणं, लोकांना पटलं. पुढच्या वर्षी माझ्या रक्तात निघाला, तेव्हा मी कुणालाच काही सांगितलं नाही. सुदेश तेव्हा सतरा वर्षांचा.

दोन तारखेला का नाही आले ते लिहिते. आमचं घर म्हणजे एक खोली आणि किचन. आधी साडेआठला सुदेश कंपनीत जायचा, नऊला अक्षदा मोबाईलच्या दुकानात. मग दिवस माझा. आता तिघंही घरात. गोळ्यांचा डबा शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या खाली असतो. मी खण ओढला तरी सुदेश मान वर करून बघतो. यायचं तर पास लागतो, आणि पासवर कारण लिहावं लागतं. काय कारण लिहू?

अक्षदाला नुकतेच दिवस गेलेत. माहेर महाडकडे. जाता येत नाही म्हणून रडते कधी कधी.

सुदेश बिल्डिंगच्या कमिटीवर आहे. गेटला दोरी त्यानेच बांधली. आत येणाऱ्या प्रत्येक पिशवीवर फवारा मारतो. तुमच्या साडीवरही मारला. दौलत शांत उभा होता. "दादा, काठावर नको, रंग जाईल," एवढंच बोलला.

एक सांगते. टीव्हीवर दिवसभर पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह चाललंय. नऊ वर्षं तो शब्द कानावर आला तरी मी तिथून उठायचे. आता भाजीवालासुद्धा बोलतो. मला अजून सवय झालेली नाही.

तुमचा कागद फाडला. तुम्ही हा फाडा.

कलावती


बाळकुम, ठाणे
२० जून २०२०

कलावतीमावशी, नमस्कार.

सप्टेंबर अखेरपर्यंतच्या गोळ्या सोबत आहेत. साडीला पुन्हा फॉल लावावा लागेल, त्याबद्दल माफ करा.

या वेळी एक गोष्ट विचारायची आहे. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात कोरोनासाठी एक खोली उघडली आहे. ज्यांना जास्त धोका आहे अशांची यादी त्यांनी मागितली आहे. डायलिसिसवाले, टीबीवाले, कॅन्सरवाले, आणि आपल्या केंद्राचे पेशंट. यादीतल्या माणसाच्या घरी कुणीतरी येऊन ऑक्सिजन तपासेल, गरज लागली तर बेड लवकर मिळेल. यादी गुप्त ठेवू, असं ते म्हणतात. कायद्याप्रमाणे पेशंटने लेखी हो म्हटल्याशिवाय त्याचं नाव केंद्राबाहेर जात नाही. म्हणून प्रत्येकाला विचारते आहे.

माझं मत विचारलंत तर नाव द्यावं. गेल्या महिन्यात माझे दोन पेशंट कोरोनाने गेले. दोघांच्याही घरी काही माहीत नव्हतं, त्यामुळे हॉस्पिटलात कुणी सांगितलं नाही. त्यातली एक बाई आठ दिवस ॲडमिट होती. आठही दिवस तिला तिच्या गोळ्या मिळाल्या नाहीत. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. झालं ते लिहिलं.

वैशाली शेजवळ


कोपर
२५ जून २०२०

मॅडमना नमस्कार.

माझं नाव देऊ नका.

का ते सांगते. आमच्या शेजारी श्रीपादकाका आणि सुमतीबाई राहतात. दोघंही सत्तरीचे, मुलगी लांब. सहा तारखेला काका पॉझिटिव्ह आले. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सगळी बिल्डिंग गॅलरीत. कुणीतरी शूटिंगही केलं. सुमतीबाईंना काही नव्हतं, तरी त्यांच्या दाराला बाहेरून बांबू ठोकले. ठोकणाऱ्यांत सुदेश पुढे. मी म्हटलं, "अरे, आईच्या वयाची बाई आहे." तो म्हणाला, "आई, त्यांच्याच भल्यासाठी आहे. तू टेन्शन नको घेऊ." जेवणाची पिशवी बांबूला अडकवायची आणि बेल मारून लांब व्हायचं. ती पिशवी मी अडकवायचे.

काका चौदा दिवसांनी घरी आले. बांबू काढले. गॅलरीतून लोकांनी टाळ्या वाजवल्या, सुदेशनेही. मी बघत होते. त्यांचं चौदा दिवसांत संपलं. माझं चौदा दिवसांत संपणारं नाही.

सुदेश वाईट नाही, हे पण लिहिते. बिल्डिंगमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांची औषधं तोच आणतो. घाबरलाय. बाळ यायचंय म्हणून जास्तच.

दुसरं म्हणजे ती मोरपंखी साडी. मी लावलेला फॉल उसवून तीच परत पाठवलीत ना? अक्षदाने ओळखली. "आई, ही तर एप्रिलमध्ये येऊन गेली," म्हणाली. मी म्हटलं, गिऱ्हाईकाला फॉलचा रंग आवडला नाही. पोरगी हुशार आहे. पुढच्या वेळी दुसरी साडी पाठवा.

माझा नकार लेखी पाहिजे असेल तर हाच लेखी समजा.

कलावती धोंडिबा मांजरेकर


बाळकुम, ठाणे
१ जुलै २०२०

कलावतीमावशी,

तुमची चिठ्ठी दौलतने दिली. उद्यापासून पुन्हा कडक लॉकडाऊन आहे, म्हणून घाईत लिहिते. तो कोपरला दुसऱ्या एकाकडे निघाला आहे, जाता जाता हा कागद "शिलाईची पावती" म्हणून देईल.

यादीचं मी बघते, तुम्ही त्याचा विचार करू नका. घरातल्या घरात थोडं चाला. साडी दुसरी पाठवेन.

वैशाली


कोपर
२६ जुलै २०२०

वैशाली शेजवळ यांस,

ही चिठ्ठी केंद्राच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवते आहे. आता साडी लागणार नाही.

बुधवारी सकाळी अकराला दोघी जणी आल्या. निळे झगे, तोंडापुढे प्लास्टिक. एक तरुण मुलगी होती, तिच्या हातात कागद. सुदेशने दार उघडलं. बाहेर गॅलरीत सुमतीबाई कपडे वाळत घालत होत्या. मास्कमधून ऐकू जात नाही म्हणून ती मुलगी मोठ्याने वाचायला लागली. "सदतीस नंबर. कलावती मांजरेकर, वय पंचावन्न, एआरटी केंद्र, शुगर." मग मला म्हणाली, "आजी, बोट द्या. घाबरू नका, तुमच्या भल्यासाठीच आलोय." पोर चांगली होती. ऑक्सिजन सत्त्याण्णव निघाला. गेल्या दोघी.

सुदेशने मोबाईल काढून एआरटी म्हणजे काय ते बघितलं, एचआयव्हीच्या गोळ्या. नऊ वर्षं मी लपवलं, त्याला दोन मिनिटं लागली नाहीत.

पहिलं त्याने विचारलं, "मला आहे?"

मी म्हटलं, नाही.

"तुला काय माहीत?"

मग सांगावं लागलं. तो सतरा वर्षांचा असताना मलेरियाची टेस्ट म्हणून मी त्याला नेलेलं. ती मलेरियाची नव्हती. तुम्हाला आठवत असेल, तुम्हीच कागद भरलेला. सुदेश म्हणाला, "माझं रक्त मला न सांगता तपासलंस. आणि आज तुझं नाव कुणी वाचलं तर तू रडतेस?"

 

त्या दिवसापासून माझं ताट, पेला, बादली वेगळी. तशी मी आधीही किचनमध्येच झोपायचे, आता दिवसाही तिथेच असते. अक्षदा त्याच्याशी भांडली. "अरे, ताटाने नाही होत. मी हॉस्पिटलात नाव घालायला गेलेले तेव्हा माझीपण हीच टेस्ट केली. तिथल्या बाईंनी अर्धा तास समजावलंय मला." तो म्हणाला, "तू गप्प बस, तुझ्या पोटात बाळ आहे." ती म्हणाली, "म्हणूनच बोलते." तेवढं बोलून ती बाहेरच्या खोलीत गेली.

बिल्डिंगमध्ये कुणी काही विचारलं नाही. फक्त खालच्या दोन घरांनी शिवायला दिलेले कपडे न शिवता परत नेले. कमिटीने सुदेशला सांगितलं, काही दिवस मीटिंगला येऊ नकोस.

मी लेखी लिहिलेलं, नाव देऊ नका म्हणून. माझं नाव यादीत कुणी घातलं, एवढं कळवा.

कलावती मांजरेकर


बाळकुम, ठाणे
३ ऑगस्ट २०२०

कलावतीमावशी,

मी घातलं.

यादीत शेहेचाळीस नावं होती. एकतीस जणांनी होकार दिला होता. उरलेली पंधरा मी माझ्या अंदाजाने घातली. ज्यांचं वय पन्नासच्या वर आहे, ज्यांना शुगर किंवा दम्याचा त्रास आहे आणि ज्यांच्या घरी काही माहीत नाही, अशांची. त्यातल्या काहींशी संपर्कच झाला नव्हता. तुमच्याशी झाला होता. तुमचा नकार माझ्या टेबलावर होता, आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर मी तुमचं नाव टाईप करत होते.

मे महिन्यात गेलेल्या त्या बाईच्या नवऱ्याचा मला फोन आला होता. तो विचारत होता, "तुम्ही माझ्या बायकोच्या कोण?" त्यानंतर मी ठरवलं की यापुढे असं होऊ द्यायचं नाही. हे कारण आहे. त्याने झालेलं बदलत नाही. एक जुलैच्या चिठ्ठीत "यादीचं मी बघते" असं लिहिलं, तेव्हा यादी जाऊन तीन दिवस झाले होते.

केंद्राच्या डॉक्टरांनी यादी द्या म्हटलं होतं, पण संमती घेऊनच. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. दौलतला यातलं काही माहीत नव्हतं. परवा मी त्याला सांगितलं. तो तुमच्याकडे गोळ्या पोचवत राहील, माझ्याशी बोलत नाही.

कायद्याने अशा तक्रारी ऐकायला एक अधिकारी नेमलेला असतो. तक्रारीचा अर्ज सोबत पाठवते आहे. माझं नाव, हुद्दा, तारीख, काय घडलं, सगळं मी लिहिलं आहे. तुमच्या सहीची जागा रिकामी आहे. सही करा असं मी सांगू शकत नाही, करू नका असंही नाही.

तुमची पंचवीस जूनची चिठ्ठी मी फाडली नव्हती. अर्जाला पुरावा म्हणून लागेल. तीही सोबत आहे.

वैशाली शेजवळ


कोपर
१४ ऑक्टोबर २०२०

वैशालीबाई,

अडीच महिने लिहिलं नाही. रागात होते. फोन करणार होते, पण फोनवर मला राग आला की रडू येतं, आणि मग समोरचा माणूस समजूत घालायला लागतो. मला तुमच्याकडून समजूत नको होती.

गणपतीत गावाला जाता आलं नाही. सुदेशने घरातच छोटी मूर्ती बसवली. मोदक दर वर्षी मी करते. या वेळी मी किचनच्या दारात स्टुलावर बसले आणि अक्षदाला सांगत गेले. उकड एवढी मळ, पारी एवढी पातळ कर. सातवा महिना लागलेला, ती उभी राहून करत होती. तिचे मोदक फुटले. सुदेश ते न बोलता खाऊन उठला. मला वाटतं त्या दिवशी त्याला थोडी लाज वाटली, पण हे माझं वाटणं झालं.

मधल्या दिवसांत आमच्याकडे फक्त सुमतीबाई आल्या. निळ्या झग्यातल्या त्या दोघी येऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी. हातात एक ब्लाउज. "जरा बाही बघून दे गं," म्हणाल्या. बाही चांगली होती. मी उसवून परत शिवली. त्या आमच्याकडे बसून चहा प्यायल्या, आणि कप स्वतः विसळून ठेवला. आजाराचं एक अक्षर बोलल्या नाहीत. बांबूचंही नाही.

आता अर्जाचं. मी सही करणार नव्हते. म्हटलं, या बाईने नऊ वर्षं माझं केलंय. पहिल्या वर्षी मी जीव द्यायला निघालेले तेव्हा मला दुपारभर बसवून ठेवलेलं तुम्ही, मी विसरलेले नाही. अर्ज मशीनच्या खणात पडून होता. अक्षदाने वाचला. ती म्हणाली, "आई, चांगल्या माणसाने केलं तर ते वाईट होत नाही का?" मी म्हटलं, त्यांची नोकरी जाईल. ती म्हणाली, "त्यांनी स्वतः लिहून दिलंय ना? मग तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त त्यांची काळजी का करता?"

सही केली आहे. तुम्ही लिहिलेलं मात्र सगळं खोडलं. तुम्ही तुमच्या चुका फार सुंदर भाषेत लिहिल्या होत्या. मी माझ्या भाषेत लिहिलं, चार ओळी. मी नाही म्हटलं होतं. तरी नाव दिलं. नाव दारात मोठ्याने वाचलं. त्यामुळे माझ्या मुलाला मी सांगायच्या आधी कळलं.

शेवटची ओळ लिहिताना कळलं की मी त्याला कधीतरी सांगणार होते. नऊ वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

आणखी दोन कामं तुम्हाला सांगते. तो कागद वॉर्डातून परत आणा. आणि बाकीचे चौदा जण कोण ते मला सांगू नका, पण त्यांना जाऊन सांगा की त्यांचं नाव गेलंय. दारात कुणी यायच्या आत त्यांना कळू दे. मला ते मिळालं नाही.

कलावती


बाळकुम, ठाणे
२० डिसेंबर २०२०

कलावतीमावशी,

तुम्ही सांगितलेल्या दोन कामांचं लिहिते.

यादी परत आणायला डॉक्टर स्वतः माझ्याबरोबर आले. वॉर्डात तिच्या चार प्रती निघाल्या. एक फायलीत, दोन टेबलावर, एक भिंतीला टाचणीने लावलेली. चारही आणल्या. एक कॉम्प्युटरमध्ये होती, ती आमच्यासमोर काढली. ज्या मुलीने तुमच्या दारात वाचलं, तीही तिथे होती. एआरटी म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं ते हॉस्पिटलचं नाव आहे. 

चौदापैकी नऊ जणांकडे आधीच कुणी ना कुणी जाऊन आलं होतं. तरी मी सगळ्यांकडे गेले. बारा जण भेटले. दोन खोल्यांना कुलूप होतं, गावी गेले असं शेजारी म्हणाले. एका माणसाने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. एक बाई म्हणाल्या, "आता सांगून काय उपयोग?" एकीने दार लावलं. तिघांनी केंद्र बदलून घेतलं. एक जण हसला. त्याच्या घरी कळल्यावर त्याची बायकोही तपासून आली, तिलाही निघाला, आता दोघं एकत्र गोळ्या घेतात. तो माझे आभार मानत होता. ते मी घेतले नाहीत.

तुमच्या तक्रारीवर सुनावणी झाली. तुमचं नाव कागदावर न घेता चालवली, तशी विनंती करता येते हे मला तेव्हाच कळलं. मी सगळं मान्य केलं. आता नवीन नियम झाला आहे की केंद्रातून बाहेर काहीही पाठवायचं असेल तर त्यावर नाव नसेल, केंद्राचंही नसेल, आणि संमतीचा कागद दुसऱ्या माणसाने स्वतः तपासल्याशिवाय त्यावर सही होणार नाही. नियम चांगला आहे. आधीच असायला हवा होता.

माझं कंत्राट डिसेंबरपर्यंत होतं. ते वाढवलेलं नाही. पत्रात कारण दिलेलं नाही. माझी आई विचारते, काय झालं. मी तिला सांगितलं, माझ्या हातून माणसांची गुपितं फुटली. ती म्हणाली, "मग बरोबर आहे." तिने पुन्हा विचारलं नाही.

अक्षदाचं काय झालं ते दौलतकडून कळलं नाही. तो अजूनही मोजकंच बोलतो. बाळ-बाळंतीण सुखरूप असतील, अशी आशा करते.

वैशाली शेजवळ


कोपर
२२ मार्च २०२१

वैशाली,

आता तू मॅडम नाहीस, म्हणून तू म्हणते. माझ्या सुदेशपेक्षा सात-आठ वर्षांनी तर मोठी असशील.

एकोणतीस नोव्हेंबरला मुलगी झाली. समीक्षा नाव ठेवलंय. अक्षदाची आई महाडहून येऊ शकली नाही, तिलाच ताप होता. दहाव्या दिवशी अक्षदाने मुलीला माझ्या पायांवर घातलं आणि तेलाची वाटी शेजारी ठेवली. सुदेश दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो चप्पल घालून खाली गेला. अडवलं नाही. त्या दिवसापासून मुलीला रोज मीच तेल लावते. माझं ताट अजून वेगळं आहे. अक्षदाने मात्र जानेवारीपासून तिचंही ताट त्याच रंगाचं आणलंय, त्यामुळे आता कुठलं कुणाचं ते सुदेशला कळत नाही. तो विचारतही नाही.

मध्ये त्याने मला एकदाच विचारलं, "बाबांना माहीत होतं?" मी खरं सांगितलं. त्यांना शेवटच्या महिन्यात कळलेलं, मला ते गेल्यावर त्यांच्या कागदांवरून. "मग त्यांनी तुला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "घाबरले असतील." तो म्हणाला, "आपल्या घरात सगळे एकमेकांच्या भल्यासाठीच गप्प बसतात." मग मी मलेरियाच्या त्या टेस्टबद्दल त्याची माफी मागितली. दहा वर्षांनी. त्याने मान हलवली.

आता मुख्य गोष्ट. लस निघाली ना. साठच्या वरच्यांना सरळ मिळते, माझ्या वयाला मोठा आजार असेल तरच. शुगरवर मिळाली असती, पण ती दहा वर्षांची जुनी लागते, माझी सहाच वर्षांची. मग राहिलं ते एकच सर्टिफिकेट. केंद्रातल्या नव्या बाईंनी करून दिलं. पाकिटात घालून, पाकीट चिकटवून. घरी येऊन मी ते दोन दिवस तसंच ठेवलं. जायचं की नाही, कुणी मला सांगितलं नाही. सुदेशनेही नाही. त्याने मोबाईलवर माझं नाव घालून दिलं. आजाराच्या रकान्यात काय भरायचं ते मला विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर भरलं.

शनिवारी गेलो. एका शाळेत होतं. टेबलावर एक मुलगा, समोर कॉम्प्युटर. माझ्यामागे पंधरा-वीस माणसं. त्यांत आमच्या बिल्डिंगचे खालच्या मजल्यावरचे दोघं. मी पाकीट फोडून कागद दिला. मुलाने कागदाकडे न बघताच विचारलं, "काय आजार आहे, आजी?"

मी म्हटलं, "कागदावर लिहिलंय."

"हो, पण तोंडाने सांगा ना. मला टाईप करायचंय."

मागची माणसं ऐकत होती. ऐकत नसतीलही. मी त्याला म्हटलं, "वाचता येतं ना, बाळा? मग मनात वाच."

त्याने खाली बघून कागद वाचला. माझ्याकडे एकदा बघितलं. मग काही न बोलता टाईप केलं आणि कागद उलटा करून मला परत दिला. उलटा, हे त्याने स्वतःहून केलं.

लस टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. मला काही झालं नाही, दंड थोडा दुखला. तू काय करतेस आता? कुठे काम मिळालं का? मला तुझा राग अजून येतो, अधूनमधून, भांडी घासताना वगैरे. तरी कळव.

त्या अर्ध्या तासात सुदेश माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता, सहा फुटांवर. तिथे सगळेच सहा फुटांवर होते, म्हणून मी काही मनाला लावून घेतलं नाही.

कलावती